डाव्या पायातली गाठ

माझा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर जाड आहे. साडीत दिसत नाही. रोज सकाळी मी तो पावलापासून गुडघ्यापर्यंत पट्टीने बांधते आणि मगच चहा ठेवते. नवीन ओळखीच्या बाईला पट्टी दिसली की विचारते, "पडल्या होत्या का?" मी म्हणते, "नाही हो, बाळंत झाले होते." तिला वाटतं मास्तरीणबाई थट्टा करतात. थट्टा करायची मला सवय आहे हे खरं, पण ही थट्टा नाही.

डॉक्टरकीतलं मला फार कळत नाही, तेव्हा ते इथे सापडणार नाही. ज्या घरात आज एखादी बाळंतीण बाजेवर पडली आहे आणि "पाय जड वाटतो" म्हणते आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे. आणि माझ्याकडून झालेली एक चूक सांगायची आहे. ती मी पुष्कळ वर्षं घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती.

बाज

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी अकोल्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझी आई लहानपणीच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्नच नव्हता. ते सासरीच झालं, सासूबाईंच्या हातून. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

आत्याबाई हिवरखेडच्या. छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून मोर्णा नदीत सोडून आल्या. मागे वळून पाहिलं नाही. माझ्या मुलीची पाचवी पुजली नाही, नवस नाही, अंगारा नाही. शेजारणी कुजबुजल्या तर म्हणाल्या, "आमी सोडलं थे सोडलं."

पण बाज त्यांनी सोडली नाही. बाजेचे नियम देवांनी घालून दिलेले नव्हते, त्यांच्या आईने घालून दिले होते. बाळंतिणीने सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही. खाली शेगडी, तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. पाणी उकळलेलं, तेही घोट घोट, कारण पाण्याने पोट सुटतं. आणि दोन्ही वेळा जवसाच्या कोमट तेलाने अंग चोळायचं. मी शिकलेली, ट्रेनिंग केलेली. वर्गात मुलांना पाणी भरपूर प्या म्हणून सांगणारी. घरी मात्र घोट घोट पीत पडून राहिले. खरं तर मला ते आवडत होतं. माझं अंग इतक्या मायेने कोणी कधी चोळलं नव्हतं.

आठव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. दहाव्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला, पांढरा पडला, कातडी चकचकीत ताणली गेली. "वारं धरलं पायात," आत्याबाई म्हणाल्या आणि दोन वेळांच्या जागी चार वेळा चोळायला लागल्या. जितका पाय सुजे तितकं त्या जोर लावत. बाराव्या दिवशी मला ताप आला, तेव्हा यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आईचं न ऐकता टांगा आणला.

"कोणी चोळला का पाय?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी बोटाने पाय दाबला. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला. त्यांनी आणखी काही केलं नाही, फक्त यांना बाजूला घेऊन सांगितलं की पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ धरली आहे, अमरावतीला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी देतो, आजच न्या. दुपारच्या गाडीत मला बाकावर आडवं घातलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना दोघा हमालांनी मला घोंगडीत घालून उचललं. त्यांनी हात असा सांभाळून लावला की तेवढ्या वेळात मला एकदाही कळ आली नाही. त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण अजून आठवण येते.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर चाळिशीचे, हळू बोलणारे होते. सोबत दोन शिकाऊ डॉक्टर आणि सिस्टर. आत्याबाई कोपऱ्यात बाळाला घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या लुगड्याला जवसाच्या तेलाचा वास येत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोणी पाय चोळला का? मालिश वगैरे?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर खाली होती. आणि मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? सुनेने चार माणसांत सासूचं नाव घ्यायचं नाही, हे एक. दुसरं कारण मला सांगायला जड जातं. ते सगळे माझ्याकडे मास्तरीणबाई म्हणून पाहत होते. आमच्या घरातली शिकलेली मी पहिली. हिच्या घरी असलं चालतं, असं त्यांनी म्हणू नये असं मला वाटलं. मी आत्याबाईंना झाकलं तितकंच स्वतःलाही झाकलं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पाय उशांवर उंच ठेवायला लावला, हलवायचा नाही म्हणून बजावलं. चोळू नका असं सांगितलं नाही. कशाला सांगतील? मीच नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशीची दुपार

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय फार ठणकत होता. भेटायची वेळ होती, वॉर्डात गर्दी. आत्याबाई उशाशी बसल्या होत्या. मी डोळे मिटून कण्हत होते. थोड्या वेळाने पोटरीवर ओळखीचा कोमट हात फिरायला लागला. कंबरेच्या पिशवीतली तेलाची शिशी त्यांनी सोबत आणली होती. "हालवून नाई राहिली मी पाय," त्या पुटपुटल्या. "नुसती वरून फिरवून राहिली."

मी नको म्हटलं नाही. बरं वाटत होतं.

मग मी कुशीवर वळायला गेले आणि छातीत उजवीकडे सुरी घुसावी तशी कळ आली. श्वास आत जाईना. खोकला आला तो पदरावर लाल उमटला. समोरच्या खाटेवरच्या बाईने "सिस्टर, धावा!" म्हणून ओरडलेलं मला आठवतं. माझी मुलगी कोणाच्या तरी मांडीवर रडत होती आणि मला एकच वाटत होतं, हिला नाव ठेवायचं राहिलं.

डॉक्टर धावत आले. नाकाला नळी लावली, दंडात इंजेक्शन दिलं. मग त्यांची नजर पायावर गेली. उन्हात पोटरी तेलाने चमकत होती.

"हे तेल कोणी लावलं?"

मला बोलता येत नव्हतं. आलं असतं तरी काय बोलले असते, देव जाणे. म्हणजे आता तेही म्हणायची सोय नाही. आत्याबाई उभ्या राहिल्या. तेलाचे हात त्यांनी पुढे धरले, लहान मुलं गुरुजींपुढे धरतात तसे.

"म्या लावलं, साहेब. घरीबी म्याच चोळला, धा दिवस. इचं काई चुकलं नाई. इनं मले झाकलं."

मला वाटलं आता डॉक्टर त्यांना हाकलून देणार. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आजी, सांगितलंत ते फार बरं केलंत. आता मला कळलं काय झालंय. गाठीचा तुकडा सुटून छातीत गेला आहे. लहान असावा, नाहीतर एव्हाना बोलायला वेळच मिळाला नसता. यापुढे या पायाला कोणीही हात लावायचा नाही. लक्ष कोण ठेवणार?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

त्या माणसाचे उपकार मी औषधासाठी मानतेच. पण त्या दिवशी चार माणसांत त्यांनी माझ्या सासूला खाली पाहायला लावलं नाही, यासाठी जास्त मानते.

पहारा

मग सुरू झालं नुसतं पडून राहणं. चार चार तासांनी इंजेक्शन. दंड, मांड्या निळ्याजांभळ्या झाल्या. सिस्टर बारीक काचेच्या नळीत माझं रक्त घ्यायची आणि छातीवरच्या घड्याळात पाहत नळी तिरपी करत राहायची. रक्त किती वेळाने गोठतं ते पाहायचं असे. लवकर गोठलं तर गाठ वाढणार, फार उशिरा गोठलं तर कुठूनही वाहणार. नळी तिरपी व्हायची तेव्हा मी तिच्या भुवयांकडे पाहत राहायचे. भुवई सरळ राहिली की त्या दिवसापुरती सुटका.

आत्याबाई पायथ्याशी बसून राहायच्या. झाडणारी आली तरी, "हळू वं बाई, पाय हाये अठी." एकदा शिकाऊ डॉक्टर तपासायला आला, त्यालाही विचारलं, "मोठ्या साहेबाले इचारलं काय?" तो बिचारा विचारून आला.

यांचं मात्र बिनसलं. सगळं कळल्यावर हे आईशी बोलेनासे झाले. डबा आणायचे, माझ्या उशाशी ठेवायचे, तिच्याकडे न पाहता निघून जायचे. आत्याबाई जेवायच्या नाहीत; लेकाने वाढलं नाही तर त्या मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. पाच-सहा दिवस मी हे पाहिलं. मग यांना म्हणाले, "खोटं मी बोलले. दवाखान्यात चोळत होत्या तेव्हा जागी मी होते. अबोला धरायचा तर माझ्याशी धरा." दुसऱ्या दिवशी हे लोटीतून चहा घेऊन आले आणि आईपुढे उभे राहिले. "माय, च्या घे." तिने घेतला. दोघंही रडली नाहीत, मी मात्र रडले. आणि रडल्याने छातीत दुखलं म्हणून सिस्टरची बोलणी खाल्ली.

शेजारची खाट

रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बाळाला अंगावर पाजायचं नाही म्हणून सांगितलं. वरचं दूध तिला सोसेना. चमच्याने पाजलं की ओकायची. दोन दिवसांत चेहरा उतरला. मी हलू शकत नव्हते, तिला नीट छातीशी धरू शकत नव्हते. आजारपणातले सगळ्यात वाईट दोन दिवस तेच. छातीतली कळ त्यापुढे काहीच नाही.

शेजारच्या खाटेवर सुलोचना होती, धामणगावकडची, शेतकरी घरातली. तिचे टाके पिकले होते म्हणून ठेवून घेतली होती. तिचा मुलगा धष्टपुष्ट आणि तिला दूध वाहतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "बाई, तुमी कोणाच्या?"

मी खरं सांगितलं. खोटं बोलण्याची हौस फिटली होती. "आम्ही बौद्ध."

तिने कूस बदलून आपल्या मुलाला पाजायला घेतलं. मला वाटलं विषय संपला. मग म्हणाली, "माह्या सासूले सांगजा नोका म्हंजे झालं. आना थे पोट्टी इकडे."

आत्याबाईंनी मुलीला तिच्या कुशीत ठेवलं आणि खाटेपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. सतरा दिवस हा प्रकार चालला; तोवर मुलीला वरचं दूधही पचायला लागलं. सुलोचनाची सासू डबा घेऊन यायची, तेव्हा आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका तिला कामाला लावून गप्पांत गुंतवायच्या. जायच्या दिवशी सुलोचनाने सासूदेखत माझ्या मुलीकडे पाहिलंही नाही. "येतो बाई," एवढंच मला म्हणाली. मात्र तिच्या खाटेवर तिच्या मुलाचं एक झबलं राहिलं होतं, धुऊन घडी घातलेलं. ते विसरलेलं नव्हतं.

मुलीचं नाव सुलोचना ठेवू या असं मी म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, "सुजाता ठेव, बुद्धाले खीर देल्ली थिचं. थिनंबी परक्याच्याच तोंडात घास देल्ला व्हता."

गाठ कोण सोडवतं

एक दिवस मी डॉक्टरांना विचारलं, "इतकी इंजेक्शनं झाली, गाठ विरघळली का?"

ते खाटेच्या काठावर टेकले. "इंजेक्शन गाठ विरघळवत नाही, बाई. ते फक्त नवी होऊ देत नाही. जुनी गाठ तुमचं शरीरच सोडवणार."

"शरीरानेच केली ना ती?"

"हो. आणि सोडवायचंही त्यालाच येतं. जखमेवर खपली धरते, मग ती खालून सुटत जाते आणि नवी कातडी पुढे सरकते. ती सुटली नाही तर जखम भरणार कशी? आत तेच चाललंय." मग जरा हसून म्हणाले, "गाठ सोडवणारं एक द्रव्य परदेशात माणसाच्या लघवीतून वेगळं काढलंय. आपल्याकडे अजून यायचंय."

समोरच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "पाहा! वावरात इळा लागला का आमी त्याच्यावर मुतत व्हतो, तं ह्या पोरी नाक मुरडत व्हत्या!" सगळा वॉर्ड हसला. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "आजी, तसं करायचं नाही हं, जखम पिकेल!" पण म्हातारी ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा छाती न दुखता हसले.

सुजाता मोठी होऊन विज्ञान शिकवायला लागली. तिने पुढे मला वाचून दाखवलं की त्या द्रव्याचं नाव युरोकायनेज. पेशींच्या अंगावर त्याला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. तिथे ते बसलं की गाठीची जाळी सुटते, पेशी वाट काढत पुढे जातात, जखम भरते. आणि म्हणे कर्करोगासारख्या आजारात त्याच जागा भलत्या कामाला लागतात, वाईट पेशींना पसरायला वाट करून देतात. मी तिला म्हटलं, यात मला काही नवल वाटत नाही. ज्या हातांनी मला जवळजवळ मारलं त्याच हातांनी मला राखलं, हे मी खाटेवर पडून पाहिलंय.

तीन पावलं

पाचव्या आठवड्यात मला उभं केलं. पाय पाण्याने भरलेल्या घागरीसारखा जड. खाटेपासून खिडकीपर्यंत तीन पावलं. खिडकीबाहेर टांग्यांचा अड्डा, एक घोडा चंदीच्या तोबऱ्यात तोंड खुपसून उभा. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, शिरेची सगळी वाट पूर्वीसारखी होणार नाही, पण रक्ताने शेजारून दुसऱ्या वाटा काढल्या आहेत. पट्टी बांधा, खूप चाला, पाणी प्या.

घरी आल्यावर त्या दुपारबद्दल आत्याबाई आणि मी कधी बोललो नाही. त्यांनी माफी मागितली नाही, मीही नाही. जवसाच्या तेलाची ती शिशी मात्र मला पुन्हा घरात दिसली नाही.

दोन वर्षांनी माझी नणंद शशी बाळंतपणाला आली. मी मनात धास्तावले होते. ती बाळंत झाली, बाज काढली गेली, शेगडी आली. मी आता बोलायचं की नाही, बोललं तर कसं, याची रात्रभर जुळवाजुळव केली. सकाळी पाहते तर आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन शशीपुढे उभ्या.

"पे. सगळा पे. अन् ऊठ."

शशी रडायला लागली. "माय, दोनच दिस झाले अजून! सुमनवहिनीले तं तू उठू नाई देल्लं!"

"म्हणूनच म्हणून राहिली, ऊठ."

चोळणारी बाई दारात आली होती. तिला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. मग शशीला एका बाजूने त्यांनी धरलं आणि मला हाक मारली, "सुमन, तिकून धर." आम्ही तिघी अंगणात निघालो, कडुनिंबापासून रांजणापर्यंत आणि परत. शशी कुरकुरत होती. माझा जड पाय आणि तिचे कच्चे पाय, त्यामुळे चाल बेताचीच होती.

तिसऱ्या फेरीला आत्याबाई शशीला म्हणाल्या, पण पाहत होत्या माझ्याकडे.

"पाय दुखला तं सांगजो. डाक्टरनं इचारलं तं खरं सांगजो. माह्या पायी खोटं बोलजो नोको, बाई. मले कोणी झाकजो नोको."